अपील कोणाच्या टेबलावर जातं?

बुऱ्हाणपुरात नोकरी जाण्याच्या तऱ्हा ठिकाणागणिक वेगळ्या. माणूस रेल्वेत असेल तर आरोपपत्र येतं, चौकशी अधिकारी नेमला जातो, सोबत बचाव सहायक नेता येतो, आणि शिक्षेचा आदेश हाती पडल्यावर ४५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. नेपानगरच्या कागद कारखान्यासारख्या सरकारी उद्योगातही शिस्तीचे लेखी नियम असतात. गावातल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये मात्र मालक किंवा त्याचा मुलगा ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. एकाच जिल्ह्यात हा फरक कसा पडत गेला, हे पाहायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल १९०६ ची. त्या काळच्या कापड गिरण्यांत कामावर घेणारा जॉबर, म्हणजे मुकादम, आणि काढणाराही जॉबर. दाद मागायची तर त्याच्याच वरच्या साहेबाकडे, आणि साहेबाला कामगारांची भाषाही पुरती येत नसायची. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली आयोगाने देशभरच्या गिरण्या पाहिल्या आणि माणसं घेण्याकाढण्याचा जॉबरचा अधिकार काढून घ्या, अशी शिफारस केली. मुंबईत त्याआधीच, १९२८ च्या मोठ्या संपानंतर, फॉसेट समितीपुढे गिरण्यांच्या स्थायी आदेशांवर, म्हणजे कामाच्या लेखी नियमांवर, खडाजंगी झाली होती. कामगाराला कोणत्या गुन्ह्याला कोणती शिक्षा हे आधी लेखी कळलं पाहिजे, ही साधी गोष्ट देशभरच्या कायद्यात यायला १९४६ उजाडलं. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा स्वतःचा औद्योगिक तंटे कायदा आला. तेव्हा निमाड जिल्हा नागपूरच्या राजवटीत होता, त्यामुळे नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगाराला आणि आमच्या ताप्ती मिलच्या कामगाराला कायदा एकच होता. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर भोपाळकडे आलं, आणि मध्य प्रदेशाने १९६० व १९६१ मध्ये औद्योगिक संबंध आणि स्थायी आदेश यांचे आपले कायदे केले.

या सगळ्यातून कामगाराला चौकशी मिळाली. अपील मिळालं, असं म्हणवत नाही. कामगार न्यायाधिकरणात जाता येई, पण इंडियन आयर्न अँड स्टीलच्या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की न्यायाधिकरण हे व्यवस्थापनावरचं अपील न्यायालय नव्हे. सूडबुद्धी दिसली, नैसर्गिक न्याय मोडला गेला किंवा निष्कर्षाला पुरावाच नसला, तर हात घालावा, एरवी नाही. चहाचा एक पेला फुटला म्हणून दहा वर्षांची नोकरी गेली, तरी चौकशी रीतसर झाली असली की बहुधा तिथेच संपलं. शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त झाली का, हे तपासण्याचा अधिकार केंद्रीय कायद्यात १९७१ च्या डिसेंबरात कलम ११-अ ने आला. त्यामागे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६३ ची शिफारस होती.

रीतसर चौकशी म्हणजे तरी काय, हे १९७३ च्या एका प्रकरणात उघडं पडलं. तेही मध्य प्रदेशातलंच. घनश्यामदास श्रीवास्तव हा सरकारी कर्मचारी निलंबित होऊन रीव्याला राहत होता आणि चौकशी लावली होती सुमारे ५०० किलोमीटरवरच्या जगदलपूरला. निर्वाह भत्ता दिला नव्हता. माणूस जाणार कशाने? तो हजर राहिला नाही, एकतर्फी चौकशी झाली, बडतर्फी झाली. कागदावर एकही पायरी चुकलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. निलंबितांना निर्वाह भत्ता देण्याची केंद्रीय कायद्यातली तरतूद १९८२ मध्ये आली: पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढे पाऊण. अपिलाच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाला मी आधी हाच प्रश्न विचारीन, की निलंबित माणसाचा भत्ता वेळेवर निघतो का?

आता या मागोव्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत सरकारी नोकराला दोन संधी होत्या: एक चौकशीत, दुसरी शिक्षा ठरवण्याआधी. दुरुस्तीने दुसरी काढून घेतली. त्यातच १९८५ मध्ये तुलसीराम पटेल खटल्याचा निकाल लागला. पटेल हा जबलपूरचा लेखापरीक्षक. वरिष्ठावर हल्ला केल्याबद्दल कोर्टात दोषी ठरल्यावर त्याला चौकशीशिवाय सक्तीने निवृत्त केलं होतं. काही अपवादात्मक परिस्थितीत चौकशी टाळता येते, असं घटनापीठाने मान्य केलं आणि अशा माणसाला अपिलाचा मार्ग उरतो याकडे बोट दाखवलं. म्हणजे सगळा भार अपिलावर आला. आणि अपील चालत कसं होतं?

याचं उत्तर २ मे १९८६ च्या रामचंदर विरुद्ध भारत सरकार या निकालात आहे. रामचंदर हा गाझियाबादच्या लोको शेडमधला शंटर. वरिष्ठाला मारहाण केल्याच्या आरोपावरून त्याला सेवेतून काढलं. त्याने अपील केलं, आणि रेल्वे बोर्डाने ते फेटाळलं. फेटाळताना बोर्डाने जे लिहिलं ते रेल्वे कर्मचाऱ्यांच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम २२ चीच शब्दशः नक्कल होती. तो नियम अपील अधिकाऱ्याला तीन गोष्टी तपासायला सांगतो: कार्यपद्धती पाळली का, निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, शिक्षा पुरेशी आहे की अपुरी की जास्त. बोर्डाने तिन्ही प्रश्न उत्तरासारखे लिहून काढले आणि खाली सही केली. पुरावा कोणता, मुद्दा कोणता, याचा पत्ता नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं: माणसाला समक्ष ऐका, कारणं लिहा, मग ठरवा. दुसरी संधी गेल्यानंतर समक्ष ऐकून घेण्याची जागा आता अपिलातच उरली आहे, असा न्यायालयाचा रोख होता.

रेल्वेच्या भुसावळ विभागातल्या जुन्या युनियनवाल्यांशी बोललं की अपिलावरचा ‘नॉट अॅक्सेप्टेड’ हा शेरा अजून ऐकू येतो. रामचंदरचा निकाल होऊन चाळीसेक वर्षं झाली तरी. शिवाय आमच्याकडची गंमत अशी, की विभाग भुसावळचा, मुख्यालय मुंबईचं, पण बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असल्यामुळे इथल्या नेमणुकीवरच्या माणसाला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं झालं तर जबलपूर गाठावं लागतं. सहा महिन्यांत अपिलाचा निकाल लागला नाही तर तिथे जाता येतं. बरेच अधिकारी म्हणूनच अपिलावर बसून राहतात, असं मला वाटतं. काही न करणं हाही एक निर्णय असतो आणि त्याला कारण लिहावं लागत नाही.

पुढच्या काही वर्षांत उरलेल्या फटी बुजवल्या गेल्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तोच न्यायाला बसला, तर निकाल टिकत नाही, हे १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात लष्करालाही ऐकावं लागलं. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला द्यायची, हे १९९० मध्ये ठरलं आणि १९९३ च्या करुणाकर निकालाने सरकारी, खाजगी सगळ्यांनाच लागू झालं. व्यवस्थापनाच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस उभा असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील मागता येतो, हे त्याआधीच, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या १९८३ च्या प्रकरणातून, आलं होतं. ब्रिटनमध्ये अकास या संस्थेची आचारसंहिता सांगते, की अपील शक्यतो आधी प्रकरणात नसलेल्या व्यवस्थापकाने ऐकावं. ती विनाकारण डावलली तर न्यायाधिकरण भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं. खिशाला चाट बसली की टेबल बदलतं.

हे सगळं कामगाराच्या बाजूचंच आहे, असा समज नको. नीट ऐकलेलं अपील बऱ्याचदा शिक्षा कायमच करतं, आणि तसं कारणांसह झालं की मालकाला पुढे कोर्टात घाबरायचं कारण उरत नाही. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तर तक्रारदार बाई आणि आरोपी दोघांनाही ९० दिवसांत अपील आहे. ज्याचं अपील फेटाळलं त्यालाही ‘माझं वाचलं गेलं’ असं कळलं पाहिजे, यापलीकडे निष्पक्षपणाची मोठी व्याख्या मी करणार नाही.

मग ज्या गिरणी कामगारांना हे संरक्षण होतं ते कुठे गेले? १९७४ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आलेली ताप्ती मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, महामंडळाच्या इतर गिरण्यांसारखीच. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने वटहुकूम काढून आपला स्थायी आदेश कायदा ५० ऐवजी १०० कामगारांपासून लागू केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांची आहे. त्याच संहितेत एक कामाचं कलम मात्र आहे: २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती नेमायची, तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, ३० दिवसांत निकाल, आणि पटला नाही तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं.

बुऱ्हाणपूरच्या ज्या शेडमध्ये २० माणसं आहेत तिथल्या मालकांनी ही समिती खरोखर नेमावी, नावं भिंतीवर लावावीत. जिथे माणसं कमी आहेत तिथे समितीची सक्ती नाही, पण चिठ्ठी लिहायला कोणी अडवलेलं नाही. माणूस काढायचाच असेल तर कागदावर काढा. कारण लिहा, तारीख घाला, उचलीचा हिशेब जोडा, आणि शेवटच्या ओळीत, हे मान्य नसेल तर कोणाला भेटायचं, त्या तिसऱ्या माणसाचं नाव टाका. आदेशच नसेल तर अपील कशावर करायचं?