डिझेल मालमोटारीसाठी उपमार्गी तेल-गाळणीची निवड : जालना जिल्ह्यातील वाहतुकीच्या संदर्भात

डिझेल एंजिनाचे आयुष्य बहुतांशी त्याच्या वंगणतेलाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो ही स्वच्छता कोणत्या साधनाने व किती प्रमाणात साधावी याविषयी. एंजिनावर मूळची गाळणी असताना तिच्या जोडीला उपमार्गी गाळणी, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘बायपास फिल्टर’ म्हणतात ते साधन, बसवावे काय, आणि बसवावयाचे झाल्यास कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न अभियंत्याइतकाच मालमोटारीच्या मालकापुढेही असतो. ज्याची उपजीविका एकाच गाडीवर चालते आणि त्या गाडीचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने एंजिन अकाली उतरवावे लागणे ही केवळ यांत्रिक घटना नव्हे.

जालना जिल्ह्यात मालमोटारींना दोन अगदी भिन्न प्रकारची कामे करावी लागतात. पोलाद-कारखान्यांकडे येणारे भंगार व तेथून बाहेर जाणाऱ्या सळया यांची वाहतूक लांब पल्ल्याची असते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून या वाहतुकीस जिल्ह्यातून जाणारा सलग वेगाचा रस्ता मिळाला. याउलट अंबड-घनसावंगी भागातील ऊस, किंवा खडी व मुरूम वाहणाऱ्या गाड्या कच्च्या वाटांवर, कमी अंतराच्या व वारंवार थांबणाऱ्या फेऱ्या करतात. एकच गाळणी या दोन्ही गाड्यांना सारखीच उपयुक्त ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

दोन गाळण्यांचे कार्य

पंपाने ढकललेले सर्व तेल ज्या गाळणीतून जाऊन धारव्यांकडे जाते तिला पूर्णप्रवाही गाळणी म्हणावे. एंजिनाला लागणारा तेलाचा पुरवठा तिने क्षणभरही अडवून चालत नाही. म्हणून तिची छिद्रे पुरेशी मोठी ठेवावी लागतात. सामान्यतः वीस ते चाळीस मायक्रॉनपेक्षा मोठे कण ती अडविते. त्याहून बारीक कणांपैकी बहुतेक तिच्यातून पार होतात. परंतु धारव्यातील तेलाचा थर भाराखाली काही थोड्या मायक्रॉनांइतकाच जाड असतो आणि दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांच्यामधील थर त्याहूनही पातळ होतो. थराच्या जाडीएवढा कण हाच सर्वांत घातक. कारण तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी स्पर्श करून खरडतो. १९८८ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधानुसार, चाळीस मायक्रॉनच्या गाळणीशी तुलना करता तीस मायक्रॉनच्या गाळणीने झीज निम्म्याने व पंधरा मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली.

उपमार्गी गाळणी ही उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढते. पंपाच्या प्रवाहाचा लहानसा भाग, साधारणतः पाच ते दहा टक्के, एका सूक्ष्म छिद्रातून तिच्याकडे वळविला जातो आणि गाळलेले तेल धारव्यांकडे न जाता परत तेलकुंडात, म्हणजे कारागीर ज्याला ‘चेंबर’ म्हणतात तेथे, पडते. ती तुंबली तरी एंजिन तेलावाचून राहत नाही. म्हणून तिचे माध्यम दाट ठेवता येते. मोटारींवर आलेल्या आरंभीच्या तेल-गाळण्या याच जातीच्या होत्या. पूर्णप्रवाही पद्धती मागाहून रूढ झाली.

मायक्रॉनचा आकडा आणि त्याची मर्यादा

विक्रेता सहसा मायक्रॉनचा आकडा सांगतो. हा आकडा एकटा जवळजवळ निरर्थक होय. त्या आकाराचे किती टक्के कण एका फेरीत अडतात, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. गाळणीपूर्वीचे व गाळणीनंतरचे कण यांच्या गुणोत्तरास बीटा गुणोत्तर म्हणतात. बीटा २ म्हणजे निम्मे कण अडले. बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के अडले. दोन्ही गाळण्या ‘तीन मायक्रॉन’ या एकाच नावाने विकल्या जाऊ शकतात.

परंतु कार्यक्षमता हीही पूर्ण कसोटी नव्हे. दर मिनिटास तेलात पडणाऱ्या घाणीचे प्रमाण स्थिर धरले, तर तेलातील घाण अखेरीस ज्या पातळीवर स्थिरावते ती पातळी म्हणजे घाणीची आवक भागिले गाळणीचा प्रवाह व कार्यक्षमता यांचा गुणाकार. उदाहरणार्थ, मूळ गाळणीतून मिनिटास ६० लिटर तेल जाते व पाच मायक्रॉनचे केवळ २ टक्के कण अडतात असे मानल्यास तिचा गुणाकार १.२ येतो. आता ९८ टक्के कार्यक्षम परंतु मिनिटास अर्धा लिटर वाहणारी ‘अ’ गाळणी जोडली तर ०.४९ ची भर पडते व घाण मूळच्या ७१ टक्क्यांवर येते. ७० टक्केच कार्यक्षम परंतु मिनिटास दोन लिटर वाहणारी ‘ब’ गाळणी जोडली तर १.४ ची भर पडून घाण ४६ टक्क्यांवर उतरते. कागदावर उणी दिसणारी ‘ब’ प्रत्यक्षात सरस ठरते. नवी गाळणी बसविल्याने तेलाचे एकूण प्रमाण लिटर-दोन लिटरने वाढते, त्याचा मात्र या स्थिर पातळीवर परिणाम होत नाही; घाण साचण्याची गती तेवढी मंदावते.

याच सूत्रातून दुसराही निष्कर्ष निघतो. हवेच्या गाळणीच्या पुढील रबरी नळी फाटून किंवा तिचा पट्टा सैल पडून घाणीची आवक तिप्पट झाली, तर ‘ब’ गाळणी असूनही तेल मूळच्यापेक्षा अस्वच्छच राहील. जालन्याची धूळ बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातील खनिजे लोखंडाला खरडण्याइतकी कठीण असतात. तेलाच्या परीक्षणात सिलिकॉन व ॲल्युमिनियम ही दोन्ही एकत्र वाढलेली दिसली, तर प्रथम हवेचा मार्ग तपासावा. तेल-गाळणीचा विचार त्यानंतर.

माध्यमाचे प्रकार

कागद किंवा कापसाच्या तंतूंची घट्ट गुंडाळी हा सर्वांत स्वस्त प्रकार. ती थोडे पाणीही शोषून घेते. परंतु पाणी अधिक झाल्यास फुगते, आणि गुंडाळी सैल असेल तर तेल कडेने वाट काढून न गाळताच जाते. कृत्रिम तंतूंचे माध्यम महाग असले तरी त्याची कार्यक्षमता अधिक एकसारखी असते. तिसरा प्रकार अपकेंद्री गाळणीचा. तीत तेलाच्याच दाबाने भांडे वेगाने फिरते व जड कण भिंतीला थापले जातात. तिला बदलण्याचे माध्यम लागत नाही. साचलेला थर खरवडून काढला की पुरे. मात्र तेल तीतून आपल्या वजनानेच खाली येत असल्याने ती तेलाच्या पातळीच्या वरच बसवावी लागते. शिवाय दाब उतरला की तिचा वेग मंदावतो. साखर कारखान्याच्या आवारात एंजिन चालू ठेवून तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या ऊसगाडीस ती म्हणूनच फारशी लाभत नाही. महामार्गावर सलग धावणाऱ्या सळईच्या गाडीस ती योग्य होय.

काजळीविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. काजळीचे मूळ कण मायक्रॉनच्या काही शतांशांइतके बारीक असतात आणि तेलातील विखुरक द्रव्ये त्यांना सुटेच ठेवतात. कोणतीही गाळणी त्यांचे पुंजकेच तेवढे पकडते. त्यामुळे गाळलेले तेलही काळेच दिसते, व काळेपणावरून तेलाची योग्यता ठरविता येत नाही. त्याचप्रमाणे खर्च झालेली अल्कधर्मी राखीव शक्ती गाळणी परत आणू शकत नाही. तेलात मिसळलेले डिझेलही ती वेगळे करीत नाही.

जोडणीतील धोका

गाळणी निवडण्याइतकीच ती जोडणे ही जबाबदारीची बाब आहे. नळी चौकटीवर घासून फुटली, तर चेंबरमधील सर्व तेल काही मिनिटांत रस्त्यावर सांडते आणि ज्या साधनाने एंजिनाचे आयुष्य वाढावयाचे तेच त्याच्या नाशास कारण होते. म्हणून प्रवाह मर्यादित करणारे सूक्ष्म छिद्र गाळणीत न ठेवता नळीच्या आरंभी, एंजिनाशी असावे. मग नळी तुटली तरी गळती मंद राहते व दाबमापक पाहून गाडी थांबविण्यास अवधी मिळतो. टर्बोकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेतून फाटा काढू नये. नळी उष्ण भागांपासून दूर व आधारांनी बांधलेली असावी. हमीच्या मुदतीतील गाडीसाठी निर्मात्याची लेखी संमती आधी घ्यावी.

निर्णयाचा क्रम

तेल बदलण्याचे अंतर वाढले तरच या साधनाचा खर्च तेलाच्या बचतीतून भरून निघतो. २००२ साली अमेरिकेतील इडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने डिझेल बसगाड्यांवर उपमार्गी गाळणीचे प्रयोग आरंभले, तेव्हा तेल बदलण्याचा निर्णय किलोमीटरवर न सोपविता तेलाच्या परीक्षणावर सोपविला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. परीक्षण न करता अंतर वाढविणे हा जुगार. आणि परीक्षणही नाही व अंतरही पूर्ववतच, तर लाभ केवळ झीज घटण्याचा, जो वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही.

सारांश, हवेचा मार्ग निर्दोष करणे ही पहिली पायरी. तेलाचे परीक्षण करून घाण कशाची आहे हे ठरविणे ही दुसरी. प्रवाह व कार्यक्षमता यांचा गुणाकार पाहून, गाडीच्या कामाशी जुळणारा प्रकार घेणे ही तिसरी. लांब पल्ल्याच्या गाडीला ही तिसरी पायरी बहुधा किफायतशीर ठरते. कच्च्या वाटेवरील ऊसगाडीच्या मालकाने तोच पैसा आधी हवेची चांगली गाळणी, शाबूत नळ्या आणि वेळच्या वेळी बदललेले तेल यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होय.