एका दिंडीत दोघे

उपनगरातल्या माणसाला अंतर किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. बोरिवलीकराला अंधेरी किती लांब म्हणून विचारा, तो 'फास्टने पंधरा-वीस मिनिटे' म्हणून सांगेल. मुलुंडकराचे घाटकोपर असेच मिनिटांत मोजलेले असते. बोरिवली ते चर्चगेट ३४ किलोमीटर. पण आयुष्यभर ते रोज दोनदा काटणाऱ्यालाही हा आकडा ठाऊक नसतो. गाडीची वेळ मात्र झोपेतही पाठ असते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. बँकेतली जुनी सवय म्हणून हिशेब मांडला तर ते चर्चगेटच्या सात-साडेसात खेपांएवढे भरते. म्हणजे लोकलची जेमतेम चार दिवसांची नोकरी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालायचे तर त्यालाच अठरा-एकोणीस दिवस लागतात.

२०२४ च्या आषाढीला आम्ही दोघांनी ही वाट पायी पुरी केली. २९ जूनला आळंदीहून पालखीचे प्रस्थान झाले आणि १७ जुलैला एकादशी होती. लाखो माणसे दरवर्षी जे करतात त्यात सांगण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण वारीवर लिहिले जाते ते बहुधा भक्तीविषयी किंवा गर्दीविषयी. एकाच घरातली दोन माणसे एका दिंडीतून चालतात तेव्हा त्यांच्यात काय होते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही.

कल्पना आमच्या सौ.ची. तिचे माहेर फलटणच्या पुढचे बरड. पालखीचा तिथे मुक्काम असतो. लहानपणी तिने वारी पाहिली ती ओट्यावरून. आईने चुलीशी बसून भाकऱ्या थापायच्या आणि हिने त्या पिठल्याबरोबर दारात आलेल्या वारकऱ्यांच्या हातावर ठेवायच्या. ही माणसे कुठून येतात आणि पुढे कुठे जातात हे तिला ऐकून माहीत होते. ती स्वतः त्यांच्या मागे वेशीपलीकडे कधी गेली नाही. मग लग्न, बोरिवली, माझ्या बदल्या, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला स्थायिक झाले, बरडचे घर विकले गेले. गेल्या गुढीपाडव्याच्या आधी एकदा ती सहज म्हणाली, "आता मला माहेरी जायचं तर वारीतूनच जायला हवं."

मुलगा म्हणाला, "आई, गाडीनं बरडला नेतो, दर्शन घे, रात्री परत." त्याचा हेतू चांगला होता. तिने फक्त मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चालायचे बूट घातले.

सराव घरापाशीच झाला. राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे, शेवटी चढाचा. पहिल्या आठवड्यात अर्ध्यातून परतलो. सोमवारी उद्यान बंद, त्यामुळे आठवड्याची एक विश्रांती आपोआप मिळाली. मे महिना संपेपर्यंत जाऊन-येऊन चालणे अंगवळणी पडले. डॉक्टरांकडून दोघांच्या तपासण्या करून घेतल्या. एका दिंडीच्या प्रमुखांना भेटून भिशी भरली. दिंडीच्या खर्चासाठी द्यायच्या वर्गणीला तिथे भिशी म्हणतात. आमच्या ऑफिसातल्या भगिनीमंडळाची भिशी मला ठाऊक होती, ही निराळी. तिच्यात राहुटीतली जागा, दोन वेळचे जेवण आणि ट्रकमधून सामान, एवढे मिळते.

आता जी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती ती सांगतो. नवराबायको मिळून वारीला जातात, पण मिळून चालत नाहीत. दिंडीला रचना असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, त्यामागे वीणेकरी आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळशीवृंदावन, पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. मी पुढे टाळ वाजवीत, ती मागे. आम्हां दोघांमध्ये मृदंग, वीणा आणि शंभरेक माणसे. निवृत्तीनंतरची पाच वर्षे आम्ही दोन खोल्यांत चोवीस तास समोरासमोर होतो आणि पंखा किती नंबरवर असावा यावर वाद घालीत होतो. आता सकाळी तळावर एकदा दिसायचो, दुपारच्या विसाव्याला एकदा, रात्री पंगतीत एकदा.

पुण्याहून सासवडला जाण्याचा दिवस वाटचालीतला सर्वांत कठीण. टप्पा लांब, मध्ये दिवे घाट, आणि त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी असल्याने बहुतेकांना उपास. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. वळणावर उभे राहून खाली पाहिले की रस्ता दिसत नाही, फक्त माणसे दिसतात. मी तिला शोधू लागलो. हजारो नऊवाऱ्या आणि पांढऱ्या टोप्यांत एक माणूस शोधणे किती वेडेपणाचे, हे कळत असूनही डोळे थांबेनात. इतक्यात मागून एक आजीबाई म्हणाल्या, "माउली, कुणाला बघताय? ताई पुढं गेल्या केव्हाच, पाण्याच्या टँकरपाशी आहेत." ती माझ्या आधी घाट चढली होती.

वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. पोलीस वारकऱ्याला, वारकरी चहावाल्याला, चहावाला पोलिसाला. पहिले दोन दिवस मला संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी पंगतीत मीठ वाढत ती माझ्यापाशी आली आणि सवयीने म्हणाली, "माउली, मीठ?" वर पाहते तो मी. दोघेही हसलो. अडतीस वर्षांत तिने मला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

तिथली आणखी एक रीत. हरिपाठ झाला, कीर्तन झाले की वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. वय, मान, कशाचाही विचार नाही. म्हातारा पोराच्या पाया पडतो. जेजुरीच्या तळावर आमच्या राहुटीत हरिपाठ संपला आणि रांगेने वाकत वाकत ती माझ्यासमोर आली. ती वाकली. मग मी वाकलो. दिवाळीच्या पाडव्याला, सणासुदीला ती वाकत आली आहे आणि मी वरून आशीर्वाद देत आलो आहे. आपल्याकडे घरोघर हेच चालते. हे उलटे होऊ शकते, आणि कुणाचेही लक्ष न जाता होऊ शकते, हे मी साठी उलटल्यावर पाहिले. तिची पावले भेगाळलेली होती आणि उजव्या अंगठ्याला पट्टी होती. ती केव्हा बांधली, मला माहीत नव्हते.

या सोहळ्याची शिस्त पाहून बँकेचा माणूस थक्क होतो. देहूहून तुकोबांच्या पालखीची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली असे मानतात. आळंदीच्या सोहळ्याला आजचे स्वरूप हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे तेव्हापासून येतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून मोकळा चालतो. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतो आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती. तक्रार असलेल्याने गप्प बसायचे नाही आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी थांबायचे, ही रीत घराघरांत आली तर किती बरे होईल, असे मला रोज वाटे.

नीरा नदीवर पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद, तरडगाव, फलटण झाले आणि बरड आले. त्या दिवशी मी तिला म्हटले, "आज मी तुमच्या रांगेच्या कडेनं चालतो." ती म्हणाली, "नको. तुम्ही टाळ सोडू नका."

तळ लागल्यावर मात्र दोघे गावात गेलो. घर ओळखू आले ते ओट्यावरून. वर स्लॅब पडला होता, दाराला लोखंडी जाळी आली होती, ओटा तोच. एक तिशीतली सून ओट्यावर मोठे पातेले ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला भाकरी-पिठले देत होती. सौ. रांगेत उभी राहिली. हातावर भाकरी घेतली, ओट्याच्या कडेला बसून खाल्ली, तांब्याने पाणी प्याली. त्या मुलीने वारकरीण म्हणून तिच्या पायांवर डोके ठेवले. हिने तिच्या गालावरून हात फिरवला आणि निघाली. हे घर आपले होते, असे एका शब्दाने बोलली नाही. वाटेत मी विचारले, तेव्हा म्हणाली, "सांगून काय करायचं? भाकरी अजून मिळते ना त्या ओट्यावर. मला तेवढंच बघायचं होतं."

तिसऱ्या दिवशी सदाशिवनगरच्या गोल रिंगणात घोडे धावले, टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे झेपावली, आणि मग बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. लांबून मला एक ओळखीचे लुगडे गरगर फिरताना दिसले. मी जवळ गेलो नाही.

इरावती कर्वे यांनी पालखीबरोबर चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला, दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' हे पुस्तक १९६४ मध्ये आले. जातवार वेगळ्या चालणाऱ्या दिंड्या पाहून इरावतीबाईंना झालेला क्लेश त्या लेखात आहे. आज चालताना काही भिंती पुसट झालेल्या दिसतात, काही उभ्याच आहेत. सोयी मात्र वाढल्या. फिरती स्वच्छतागृहे आल्यापासून बायकांचे हाल पुष्कळ कमी झाले. आधी त्यांना अंधाराची वाट पाहावी लागे. पालखी मार्ग चौपदरी झाला, पण रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली आणि दुपारच्या उन्हाला आडोसा उरला नाही. जे वाचक जायचे म्हणत असतील त्यांनी पंचा आणि टोपी विसरू नये, नवे बूट घालून निघू नये आणि औषधे ट्रकमधल्या पेटीत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत.

पंढरपुरात दर्शनाची रांग कित्येक तासांची होती. आम्ही चंद्रभागेत स्नान केले, नगरप्रदक्षिणा केली आणि कळसाला हात जोडले. बहुतेक जुने वारकरी तेवढ्यावर तृप्त असतात.

आपण समजतो, वारी इथे संपली. पण पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालखी परत निघते, त्याच रस्त्याने आळंदीला. बातम्या नसतात, कमानी नसतात, बरोबर मोजकी माणसे. आम्ही एस.टी.ने मुंबईला आलो. गाडीत खिडकीशी बसून ती म्हणाली, "माणसं निम्मीच वाट चालतात. परतीला माउली जवळजवळ एकटेच असतात."

२०२५ च्या वारीची भिशी भरायची वेळ आली तेव्हा तिने आपले पैसे काढून दिंडीप्रमुखांकडे पोचवले. एकाच नावाची पावती पाहून मी म्हटले, "अगं, आणि माझे?"

"तुम्हांला यायचं असेल तर तुमचे तुम्ही भरा, माउली," ती म्हणाली. "परतीलाही चालणार आहे मी."

मी त्याच संध्याकाळी भरले.