निळ्या जोडीची काळी पिल्ले : बँटम कोंबड्यांच्या रंगामागील आनुवंशिकी

निळसर राखाडी पिसांची बँटम जोडी कोणी हौसेने विकत घेतो, अंडी उबवतो आणि पिल्ले मोठी होऊ लागली की गोंधळतो. काही पिल्ले निळी, काही चक्क काळी, तर काही मळकट पांढऱ्या अंगावर निळे-काळे शिंतोडे उडाल्यासारखी दिसतात. विकणाऱ्याने भेसळीची जोडी गळ्यात मारली, अशी त्याची पहिली समजूत होते. बहुतेक वेळा ती चुकीची असते. जोडी खरोखर निळी होती, म्हणूनच पिल्ले अशी निघाली.

बँटम म्हणजे कोंबड्यांच्या ठेंगू जाती. जावा बेटावरील बँटेन या जुन्या बंदरावरून हे नाव रूढ झाले. शरीराचा ठेंगूपणा आणि पिसांचा रंग ही वेगवेगळ्या जनुकांची कामे असल्यामुळे मोठ्या कोंबड्यांबाबत जे रंगाचे नियम लागू पडतात, तेच बँटमलाही लागू पडतात. फरक एवढाच की बँटम हे अंडी-मांसापेक्षा रूपासाठी अधिक पाळले जातात. त्यामुळे रंगाची ओळख चुकली की पैसे तर जातातच, शिवाय दोन-तीन वर्षांची निवडही वाया जाते.

कोंबडीच्या पिसांत मूळ रंजकद्रव्ये दोनच : एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे. पांढरा हा स्वतंत्र रंग नव्हे. तेथे रंजकद्रव्य पोहोचलेले नसते. एमसी१आर या जनुकाचे निरनिराळे प्रकार या दोन द्रव्यांची मूळ वाटणी ठरवतात. त्याचा एक प्रकार पक्ष्याला जवळजवळ संपूर्ण काळा करतो, तर दुसरा तांबड्या रानकोंबड्यासारखी रंगसंगती देतो. या पायावर इतर जनुके रंग फिका करतात, किनारी काढतात, पट्टे उमटवतात किंवा सारा रंगच झाकून टाकतात.

निळा रंग हे फिकेपणाचे उदाहरण आहे. काळ्या पक्ष्यात या जनुकाची एक प्रत आली तर तो निळा दिसतो. दोन प्रती आल्या तर शिंतोड्यांचा पांढुरका पक्षी होतो. म्हणून निळ्या नराची निळ्या मादीशी जोडी लावली, तर सरासरीने चार पिल्लांत एक काळे, दोन निळी आणि एक शिंतोड्यांचे निघते. सगळीच पिल्ले निळी हवी असतील तर काळ्याची जोडी शिंतोड्यांच्या पक्ष्याशी लावावी लागते. निळ्या पक्ष्यांपासून केवळ निळीच संतती देणारे वाण निवडीने कधीच तयार होणार नाही.

निळ्याशी हटकून गल्लत होते ती लॅव्हेंडर रंगाची. तोही राखाडीच, परंतु अधिक फिका आणि अंगभर एकसारखा असतो. निळ्या पक्ष्याच्या पिसांना पुष्कळदा दिसणारी गडद किनार त्याला नसते. त्याचे कारणही निराळे आहे. मेलॅनोफिलिन नावाचे प्रथिन रंजकाचे कण पेशीत सर्वत्र पसरवण्यास मदत करते. लॅव्हेंडर पक्ष्यात त्याचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे कण गोळा होऊन राहतात आणि रंग विटल्यासारखा दिसतो. मांजरे आणि कुत्रे यांच्यातील राखाडी छटाही याच जनुकातील बिघाडांमुळे येते. हा गुण अप्रभावी आहे. तो दिसण्यासाठी दोन्ही प्रती तशाच लागतात. बेल्जियममधील द'युक्ल या दाढीवाल्या बँटमचा ‘मिल फ्लर’ हा ठिपकेदार प्रकार आणि त्याचाच नाजूक, फिका ‘पोर्सेलिन’ प्रकार यांत मुख्य भेद या एका जनुकाचा आहे.

मग डोळ्यांना खात्री पटत नसेल तर काय करावे? संशयित राखाडी पक्ष्याची शुद्ध काळ्याशी जोडी लावावी. तो निळा असेल तर सुमारे निम्मी पिल्ले निळी होतील. लॅव्हेंडर असेल तर सगळी काळी होतील. एखादा काळा पक्षी लॅव्हेंडरचा छुपा वाहक आहे का, हे पाहायचे असल्यास त्याची लॅव्हेंडरशी जोडी लावतात. एक जरी लॅव्हेंडर पिल्लू निघाले तरी निकाल लागला. वाहक पक्ष्याची सलग सात पिल्ले काळीच निघण्याची शक्यता १२८ मध्ये १ असते. त्यामुळे सातही काळी निघाली, तर तो वाहक नाही असे मानण्यास हरकत नाही. दोन पिल्लांवरून निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल, आणि नेमकी तीच चूक सर्वाधिक होते.

पांढऱ्या पक्ष्यांचे कोडे याहून अवघड आहे. लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी असून तो काळे द्रव्य दडपतो, तांबूस मात्र बरेचसे राहू देतो. सिल्की जातीचा पांढरा अप्रभावी आहे. त्यात रंजक तयार होण्याची क्रियाच अडते. या दोन शुद्ध पांढऱ्यांचा संकर केला तर पहिली पिढी पांढरी निघते. परंतु त्या पिढीतील भावंडांची आपसांत जोडी लावली की सोळांत सरासरी तीन पिल्ले रंगीत जन्मतात. पांढरी पिसे म्हणजे एक झाकण आहे. त्याखाली कोणताही रंग दडलेला असू शकतो.

काही रंग लिंगाशी बांधलेले असतात. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू असते. रुपेरी-सोनेरी भेद ठरवणारे जनुक झेडवर आहे आणि रुपेरी प्रभावी आहे. म्हणून सोनेरी नर आणि रुपेरी मादी यांची नर-पिल्ले रुपेरी आणि माद्या सोनेरी होतात. अनेक जातींत हा फरक उबवणीच्या दिवशीच लवीवरून कळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये खाद्य वाचवण्यासाठी नर पिल्ले लवकर ओळखण्याचा हाच मार्ग आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनल्ड पनेट यांनी सुचवला होता. जोडी उलटी लावली, म्हणजे शुद्ध रुपेरी नर आणि सोनेरी मादी घेतली, तर हा फरक दिसत नाही.

रंगाबरोबरच पिसाचा आकारही फसवतो, याचा नमुना म्हणजे सेब्राइट बँटम. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉन सेब्राइट यांनी इंग्लंडमध्ये ही जात घडवली. सोनेरी किंवा रुपेरी पिसाला काळी रेखीव किनार, आणि नराची पिसेही मादीसारखीच. टोकदार मानपिसे नाहीत, शेपटीची कमानदार पिसेही नाहीत. थॉमस हंट मॉर्गन यांनी असे काही नर खच्ची केले, तेव्हा त्यांना इतर जातींच्या कोंबड्यांसारखी झुपकेदार पिसे फुटली. म्हणजे वृषणांतील संप्रेरकामुळेच ती पिसे रोखली जात होती. याचा उलगडा अलीकडे झाला. संप्रेरक बदलणाऱ्या अॅरोमॅटेज या विकराच्या जनुकाशेजारी एका प्राचीन विषाणूचा अंश घुसला आहे. त्यामुळे हे विकर त्वचेतही तयार होते आणि नर-संप्रेरकाचे तेथेच स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते.

भारतीय खरेदीदाराशी थेट संबंध असलेली बाब कडकनाथची. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा काळेपणा पिसांपुरता नसून त्वचेत आणि मांसातही असतो. सिल्कीच्या काळ्या त्वचेमागेही हीच जनुकीय घडण आहे. ती प्रभावी असल्याने संकरित पक्षीही काळपट दिसू शकतो. शिवाय त्वचेचा हा रंग दडपणारे दुसरे जनुक झेडवर आहे. सिल्की नर आणि तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या संततीत माद्या गडद आणि नर फिके होतात, हे बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्येच दाखवले होते. कडकनाथ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या कोंबडीच्या केवळ पिसांवरून तिची शुद्धता ठरत नाही. त्वचा, जीभ आणि पाय तपासावेत, शक्य असल्यास तिची भावंडे आणि विशेषतः नर पाहावेत. दोन्ही आई-बापांची नोंद दाखवणाऱ्या पालकाकडूनच ती घ्यावी.