चित्र ‘सेव्ह’ केले म्हणजे काय केले?

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मारुंजीतल्या आमच्या घरी शेजारची नववीतली मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. तीन दिवस खपून तिने संगणकावर भित्तिपत्रक केले होते. मागे पिंपळाच्या पानाचे छायाचित्र, त्यावर बाण, वर मोठे शीर्षक. त्या शीर्षकात ‘प्रकाशसंश्लेषण’चे ‘प्रकाशसंष्लेषण’ झाले होते. “काका, एवढे एकच अक्षर बदलायचे आहे, पण ते धरताच येत नाही,” ती म्हणाली. फाइल उघडली. ती जेपीजी होती आणि दुसरी कोणतीच नव्हती. “जेपीजीत ठेव, फाइल लहान होते,” हा सल्ला तिला मीच दिला होता!

चित्रावर काम चालू असते तेव्हा संगणकात ते एकसंध नसते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे त्याचे थर असतात. एका थरावर पान, दुसऱ्यावर बाण, तिसऱ्यावर अक्षरे. जेपीजीत थरांना जागाच नाही. त्या रूपात साठवताना सगळे थर मिसळून एकच चित्र होते आणि अक्षरांचे नुसते रंगीत ठिपके उरतात. मळलेल्या कणकेतून पीठ आणि पाणी पुन्हा वेगळे काढता येईल का?

हे झाले एक नुकसान. दुसरे चटकन दिसत नाही. समजा, छायाचित्र 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच आहे. म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. प्रत्येकाच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला तर 3 कोटी 60 लाख बाइट होतात. जेपीजी फाइल मात्र बहुधा याच्या काही अंशांत मावते. हे कसे साधते?

चित्राचे 8 × 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एखाद्या ध्वनीतले निरनिराळे स्वर वेगळे काढावेत, तसे प्रत्येक चौकोनातल्या 64 आकड्यांवरून सावकाश बदलणारा भाग किती आणि झपाट्याने बदलणारा किती, हे सांगणारे 64 नवे आकडे काढतात. मग त्यांना ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांकात आणतात. झपाट्याने बदलणाऱ्या भागाचे आकडे मुळात लहान असल्याने त्यांतले पुष्कळसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते. डोळ्याला हे बारीक फरक फारसे जाणवत नाहीत. पण शून्य झालेला आकडा कायमचा गेला. यामागचे गणित बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये प्रसिद्ध केले. जेपीजीचे मानक 1992 मध्ये आले.

फाइल नुसती उघडल्याने किंवा तिची नक्कल केल्यानेही चित्र झिजते, हा गैरसमज बरेच जण बाळगतात. चित्र कापून, रंग बदलून पुन्हा जेपीजीत साठवले की नवे चौकोन पडतात आणि नवी काटछाट होते. पीएनजीत ही काटछाट नाही. पण पीएनजीसुद्धा थर ठेवत नाही. म्हणजे आमचे चुकलेले अक्षर तिथेही अडकलेच असते.

‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरने 2012 मध्ये, 2.8 या आवृत्तीत, या दोन कामांची दारेच वेगळी केली. ‘सेव्ह’ म्हटले की फाइल एक्ससीएफ या त्याच्या स्वतःच्या रूपात, थरांसकट राहते. जेपीजी किंवा पीएनजी हवे तर ‘एक्स्पोर्ट’ म्हणावे लागते. पुष्कळ जण यावर चिडले. मीही पुटपुटलो होतो. पण फोटो स्टुडिओवाले पूर्वी निगेटिव्ह स्वतःजवळ जपत आणि गिऱ्हाइकाला प्रिंट देत, तोच हा प्रकार.

शाळेतल्या संगणकावर पाहा. पांढऱ्यावर बारीक लाल अक्षर लिहा. पीएनजीत आणि कमी दर्जाच्या जेपीजीत साठवा. दोन्ही आठपट मोठी करा. जेपीजीत अक्षराभोवती धूळ उडाल्यासारखे दिसेल. ठळक कडा म्हणजेच झपाट्याने होणारा बदल, आणि तोच इथे छाटला गेला आहे.

त्या रात्री आमच्या भित्तिपत्रकाचे काय झाले? ‘ष्ले’वर हिरवा रंग फासून वर ‘श्ले’ लिहिले. हिरवा काही जुळला नाही. छापल्यावर ठिगळ स्पष्ट दिसत होते. परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले, आणि तिने त्यांना थर म्हणजे काय ते समजावून सांगितले.