दीड गुंठ्याचं रणांगण



लागण, खोडवा, खत, पाणी हे आमचे नेहमीचे विषय. या खेपेस मुलांच्या सुट्टीसाठी एक छंद सुचवीत आहोत. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन चिलखती गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची आणि ती मातीसकट तिच्या मुलखात उभी करायची. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात.

गाडी घेतली आहे ती 'एसडी. केएफझेड. २५१'. पुढे साधी चाके, मागे रणगाड्यासारखे पट्टे. १९३९ ते १९४५ या काळात जर्मनीने अशा पंधरा हजारांवर गाड्या बांधल्या. चालक व नायक धरून बारा माणसे तीत बसत. लांबी ५.८० मीटर. प्रतिकृती १:३५ प्रमाणात केली की ती साडेसोळा सेंटिमीटर भरते. हे पस्तीसचं प्रमाण आलं कुठून? जपानच्या तामिया कंपनीने १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत पँथर रणगाडा केला. आत मोटारीचे दोन सेल मावावेत असा आकार धरला, तो १:३५ निघाला आणि तोच रिवाज पडला.

सुटे भाग पात्याने कापावेत, कडा पॉलिशपेपरने घासाव्यात, मग चिकटवावेत. रंगाचा डबा मात्र लगेच उघडू नये. आधी साल आणि ठिकाण ठरवावे. फेब्रुवारी १९४३ पर्यंत या गाड्या गडद करड्या असत. पुढे गडद पिवळ्या, त्यावर हिरवे व तांबूस पट्टे. साल चुकलं की सगळा देखावा खोटा.

आमचे साल १९४५, महिना एप्रिल, ठिकाण इटलीतील पो नदीचे खोरे. तिथे आपलं नातं आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीने तिथली सेनिओ नदी ओलांडली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर आणले. मग हात जखमी असताना हातबॉम्बने शत्रूची मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे जर्मन सैन्य पो नदीकडे हटले. पूल बाँबफेकीत पडलेले, म्हणून पुष्कळ गाड्या अलीकडच्या काठालाच टाकून द्याव्या लागल्या. त्यातली एक आपली.

आता जमीन, आणि इथं आपण शेतकरी उजवे ठरतो बघा! ३० बाय ४० सेंटिमीटरचा पाट घ्या. या प्रमाणात तो सुमारे दीड गुंठा होतो. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा आणि ओला असतानाच चाकांचे व पट्ट्यांचे ठसे उठवावेत. वर चाळलेली माती पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसवावी. आपली काळी नको, नदीच्या गाळाची फिकट तपकिरी हवी. पो खोरे हा साखरेच्या बीटाचा मुलूख. म्हणजे तिथला शेतकरीही कारखान्यालाच माल घालणारा! दीड फुटाची ओळ धरली तर पाटावर तेरा मिलिमीटरवर एक ओळ येते. एप्रिलमधलं रोप कोवळं, म्हणून हिरव्या कागदाची दोन-चार बारीक पाने पुरेत. पट्ट्यांखालच्या ओळी मात्र चिरडलेल्याच दाखवाव्यात.

गाडीत सैनिक बसवावेत का? आमचे मत, बसवू नयेत. ही गाडी दुसऱ्यांचे देश तुडवायला निघालेल्या हिटलरच्या फौजेची होती. लोखंडाची कारागिरी पाहून पोरं भारावून जातात आणि रान कुणाचं होतं हे विसरतात. म्हणून मागची दारे उघडी, गाडी रिकामी ठेवावी. बांधावर पाच सेंटिमीटरचा एकच माणूस, खांद्यावर कुदळ घेतलेला शेतकरी. पेरणी गेली, आता ही आठ टनांची धोंड रानातून काढायची कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न.

गोंद-रंग लावताना खिडकी उघडी ठेवावी, घाई करू नये. काम पुरे झाले की पाटाभोवती मुलांना बसवून निमजच्या जवानाची हकीकत जरूर सांगावी.