समुद्र नसलेल्या देशाची ओळख : कुर्ल्यातली मुले आणि मालावी

मराठी घरात आफ्रिका दोन वाटांनी येते. एक वाट प्राण्यांच्या वाहिनीची : सिंह, जिराफ आणि क्षितिजापर्यंत पसरलेले गवत. दुसरी बातम्यांची : दुष्काळ, यादवी, साथ. पहिल्या वाटेवर माणसे दिसतच नाहीत आणि दुसऱ्या वाटेवर दिसतात ती हात पसरलेली. चोपन्न देशांचे हे खंड मुलांच्या डोक्यात एकच गाव होऊन बसते. ज्या महाराष्ट्रात हबशी मलिक अंबरने खडकी वसवली आणि जंजिऱ्याचे सिद्दी तीन शतकांच्या राजकारणात ठाण मांडून होते, तिथे ही अनभिज्ञता जरा विचित्रच म्हणायची.

कुर्ला पूर्वेला नेहरूनगरमधल्या एका लहानशा वाचनालयात मी दर रविवारी नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचा गट घेते. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचे सहा रविवार आम्ही एकाच देशाला दिले. तो देश मालावी. एवढी प्रसिद्ध नावे सोडून मालावीच का, तर त्याच्याशी आपला व्यवहार आहे, आणि तो थेट स्वयंपाकघरातला आहे.

आंब्यावरून अक्षांश

नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या घाऊक बाजारात मालावीचा आंबा उतरतो. कोकणातून नेलेल्या हापूसच्या कलमांवर तिथे बागा उभ्या राहिल्या, त्यांचे हे फळ. ऐन थंडीत आंबा का पिकतो, या एका प्रश्नात अर्धा भूगोल येतो. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला १७ अंशांवर. मालावीचे दक्षिण टोक दक्षिणेला साधारण तेवढ्याच अंशांवर. नकाशाची घडी विषुववृत्तावर घातली, तर दोन्ही जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. म्हणूनच आपला पाऊस ओसरला की त्यांचा सुरू होतो आणि ऋतूंचे पान उलटे वाचावे लागते. याला हापूस म्हणावे का, यावर मुलांत कडाक्याचे भांडण झाले. २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनानुसार हापूस हे नाव कोकणपट्ट्यातल्या पाच जिल्ह्यांचे आहे, हे सांगितल्यावर ते मिटले, पण "कलम आपलं आणि माती त्यांची, मग आंबा कुणाचा?" हा एका मुलीचा प्रश्न तसाच उरला. तो तसाच राहू द्यावा, असे मला वाटते.

मालावीचे क्षेत्रफळ सुमारे १,१८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. शेजारी तीन : टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक. देशाच्या पूर्व अंगाला मालावी सरोवर पसरले आहे. त्याची लांबी ५८० किलोमीटरच्या आसपास. हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोव्याची गाडी पकडणाऱ्या मुलांना सांगायचे, की मुंबईहून पणजीपर्यंत जेवढा रस्ता, जवळजवळ तेवढे एक सरोवर. आफ्रिकेची भूमी जिथे उभी फाटत चालली आहे, त्या महाखचदरीत ते साचले आहे. सर्वांत खोल जागी खोली सुमारे ७०० मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून बराच वर आणि तळ मात्र समुद्रसपाटीच्याही खाली. त्यात माशांच्या शेकडो जाती अशा, की ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सरोवराचे जास्तीचे पाणी शिरे नदीने झांबेझीला मिळते आणि तिच्यातून हिंदी महासागराला. माणसाला समुद्र नसला तरी पाण्याला वाट सापडलेली आहे.

दुसऱ्याच्या व्हरांड्यातून

भूवेष्टित हा शब्द मुले पाठ करतात. त्याचा काच त्यांना कळत नाही. 'समुद्र नसला तर काय बिघडलं?' असे ती सरळ विचारतात. त्यांना मी चाळीतल्या अशा खोलीची कल्पना करायला सांगितली, जिचे दार शेजाऱ्याच्या व्हरांड्यात उघडते. शेजारी चांगला असेल तर काही अडत नाही. त्याच्या घरी भांडण पेटले, तर मात्र आपल्याला दूध आणायलाही बाहेर पडता येत नाही. मालावीचे हेच झाले. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी चालली, तेव्हा नाकाला आणि बैरा बंदरांकडे जाणारे लोहमार्ग बंद पडले आणि मालावीचा माल दूर दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपर्यंत हेलपाटे घालू लागला. चहा असो, तंबाखू असो, की तूर. बंदरापर्यंतचे भाडे किमतीत मिसळते आणि शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पैशातून वजा होते. शब्दाचा अर्थ कळला, तो या वजाबाकीमुळे.

एका निर्णयाची दोन टोके

घाऊक बाजारात आयात तुरीची नावे ऐकण्यासारखी असतात : लेमन, अरुषा, गजरी, मालावी. तुरीला मालावीत नांदोलो म्हणतात. तिथली तूर आपल्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजारात येते, तेव्हा आपली शेतात उभी असते. म्हणून ती आपल्याला लागते. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आफ्रिकेतल्या तुरीची मागणी वाढली आणि तिथल्या शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. पुढच्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तुरीचे विक्रमी पीक आले, भाव कोसळले, खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि भाव मालावीत कोसळले. २०२१ मध्ये वर्षाला ५०,००० टन तूर पाच वर्षे घेण्याचा करार झाला, तेव्हा त्यांना थोडी शाश्वती मिळाली.

हा भाग मुलांना जड जाईल, असे काही पालकांचे मत होते. झाले उलटेच. गटातल्या एका मुलाचे आजोळ यवतमाळ जिल्ह्यात आहे. आयात झाली की आजोबांचा भाव पडतो, हे त्याला घरातूनच ठाऊक होते. आयात थांबली की दुसऱ्या कुणाच्या आजोबांचा पडतो, हे त्याला इथे कळले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "ते दोघं कधी भेटतात का?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाला जागा नाही, पण विषयाचा गाभा तोच आहे.

पहाट आणि कोंबडा

संस्कृतीकडे मी भाषेतून जाते. चिचेवा भाषेत मित्राला 'उली ब्वांजी?' विचारायचे आणि वडीलधाऱ्यांना 'मुली ब्वांजी?' दोन्हींचा अर्थ 'कसं काय?' 'मुली' ऐकून हसू आवरेना, तेव्हा सांगितले की हा आपल्या तू आणि तुम्हीमधलाच फरक आहे. इंग्रजीच्या तासाला जो हरवतो, तो इथे जसाच्या तसा सापडला.

चलनाची गोष्ट तर आपल्यासाठीच रचल्यासारखी आहे. मालावीचा रुपया म्हणजे क्वाचा, अर्थ पहाट. त्याचा शंभरावा भाग तांबाला, अर्थ कोंबडा. स्वातंत्र्याच्या चळवळीत 'क्वाचा' ही घोषणा होती. ६ जुलै १९६४ रोजी न्यासालँडचे मालावी झाले आणि १९७१ मध्ये ही घोषणा नोटेवर आली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण मुलांनीच जोडून दिली.

जेवणात न्सिमा : पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती हाताने तोडायची, बोटांनी गोळा करायचा आणि न्दिवो म्हणजे कालवणात बुडवून खायचा. आम्ही ती वाचनालयात शिजवली. मका मूळचा अमेरिकेचा, हे कळल्यावर एकीने आपली मिरचीही तिकडूनच आल्याचे सांगितले. कुणाचेच ताट पूर्णपणे स्वतःचे नसते, हा धडा तिथेच पुरा झाला.

चेवा लोकांच्या गुले वामकुलू या मुखवटानृत्याची चित्रे पाहून पहिला शब्द आला तो 'भुतं'. मग जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे शेजारी ठेवले. दोन्हीकडे माणूस मुखवटा घालतो, तेव्हा तो माणूस राहत नाही, असे गाव मानते. गुले वामकुलूच्या मुखवट्यांत पूर्वज येतात, पशू येतात, आणि टिंगल करण्यासाठी गोरा अंमलदारही येतो. २००५ साली युनेस्कोने या नृत्याचा मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला. शब्द बदलायला मी सांगितले नाही. पुढच्या रविवारी तो आपोआप 'सोंगं' झाला.

दया नको

२००१-०२ च्या दुष्काळात मालावीतली मक्याची राखीव कोठारे विकून रिकामी झालेली होती. कासुंगू भागातल्या विल्यम काम्क्वाम्बा या चौदा वर्षांच्या मुलाची फी थकली, शाळा सुटली. तो गावच्या लहान वाचनालयात जाऊ लागला आणि तिथल्या एका पुस्तकातल्या आकृत्या पाहून त्याने सायकलचा सांगाडा, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लास्टिकच्या नळ्या जोडून पवनचक्की उभी केली. घरात दिवा लागला. कुर्ल्याच्या भंगार बाजाराजवळ राहणाऱ्या मुलांना यात चमत्कार वाटला नाही. पंख्याचे पाते कुठे मिळेल, डायनामो किती रुपयांना पडेल, याची चर्चा सुरू झाली. मला अभिप्रेत होती ती बरोबरी हीच.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने ब्लांटायर शहराच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्या शेकडो माणसांसह गाडल्या. मुलांनी २६ जुलै २००५ पाहिलेला नाही. पण मिठीचे पाणी कुठवर चढले होते, ते घरोघर भिंतीवर हात ठेवून सांगितले जाते. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आपल्याकडचं पण टीव्हीवर तेवढंच दाखवतात. पाणी भरलं की." दरवर्षी पावसाळ्यात कॅमेरे येतात आणि पाणी ओसरले की जातात, हे तिला माहीत आहे. ज्याच्याकडे बाहेरून असे पाहिले जाते, त्याला दुसऱ्याकडे तसे न पाहण्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

परका देश मुलांपुढे ठेवताना तीन गोष्टी मी पाळते. खंड न घेता एक देश घ्यावा. सुरुवात त्यांच्या ताटातल्या किंवा रस्त्यावरच्या वस्तूपासून करावी, म्हणजे देश दूरचा राहत नाही. आणि संकटाची गोष्ट सांगण्याआधी तिथला नमस्कार शिकवावा. ज्याची विचारपूस करता येते, त्याची कीव करणे अवघड जाते. सहा रविवारांत मालावी पुरा झाला, असा माझा दावा नाही. पण या मुलांपैकी कुणाच्या घरी वरण शिजताना 'ही डाळ कुठली?' असा प्रश्न निघाला, तर भूगोलाचा तास वर्गाबाहेर पडला, असे समजायला हरकत नाही.