खेकडा पाळायचाय? आधी पाणी बघा

टाकवे बुद्रुक आणि आंदर मावळातल्या गटांच्या बैठकांत सध्या एक प्रश्न हमखास येतो: "ताई, खेकडा पालनासाठी कर्ज काढायचं का?" मोबाईलवर व्हिडिओ येतात. एका खोलीत प्लॅस्टिकचे डबे रचलेले असतात, प्रत्येक डब्यात एक मोठा खेकडा, आणि वर किलोचा भाव सांगितलेला. बघणारीला वाटतं, आपल्या घरामागच्या खोलीतही हे होईल. पण कर्ज गटाच्या नावावर निघतं आणि हप्ता सगळ्या जणींना फेडावा लागतो. म्हणून खेकडा कशावर जगतो, काय खातो आणि कशाने मरतो, हे आज आम्ही सांगणार आहोत. ते कळलं की कर्जाचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

आपल्या ओढ्यातला खेकडा आणि व्हिडिओतला खेकडा हे दोन वेगळे जीव आहेत. आपला खेकडा गोड्या पाण्यातला. भाताच्या बांधात, ओढ्याच्या काठाला बीळ करून राहतो. त्याची मादी अंडी पोटाखाली धरून ठेवते आणि त्या अंड्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. मोठा भाव मिळतो तो खाडीच्या चिखलातल्या खेकड्याला. कोकणात त्याला चिंबोरी म्हणतात, मालवणी मुलखात कुर्ली. त्याची मादी लाखो अंडी घालते, पण त्यातून निघणारी पिल्लं सुरुवातीला खेकड्यासारखी दिसतसुद्धा नाहीत. ती खाऱ्या पाण्यात तरंगतात, रूप बदलत जातात आणि मग त्यांचा खेकडा होतो. गोड्या पाण्यात ती जगत नाहीत. त्यामुळे याचं बी एकतर खाडीतून धरावं लागतं, नाहीतर समुद्रकाठच्या उबवणी केंद्रातून आणावं लागतं. सरकारी संस्थेचं असं एक केंद्र तामिळनाडूत आहे.

आपल्या राज्यात हे काम सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या गावांत बचत गटांनी केलं आहे. तिथल्या बायकांना खाडी लहानपणापासून ठाऊक. २०१७ साली राज्य सरकारने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. कांदळवन राखायचं आणि त्याच्या आधाराने खेकडा, कालवं, जिताडा, शोभेचे मासे असं काही पाळायचं, असा तिचा हेतू. कांदळवन तोडायला मनाई आहे. म्हणून झाडांना धक्का न लावता जाळीचं कुंपण घालायचं किंवा जवळच्या मोकळ्या जागेत तळं करायचं. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. पाणी आपोआप बदलतं, घाण वाहून जाते, नवं पाणी आत येतं. त्यासाठी ना मोटार लागते, ना वीज. कोकणातल्या मैत्रिणींचं निम्मं काम समुद्र करतो. आपल्याकडे तेच काम पैसे मोजून करावं लागेल. हा फरक व्हिडिओत दिसत नाही.

आता हा खर्च नेमका कशाचा, ते बघू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चिंबोरीला त्याहून कमी खारं, खाडीचं पाणीही चालतं. समजा लिटरला २० ग्रॅम धरले, तर १००० लिटरच्या टाकीला २० किलो मीठ झालं. तेही स्वयंपाकाचं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमही असतं, आणि कॅल्शियमशिवाय खेकड्याचं कवच घट्ट होत नाही. पाण्यात हवा सोडणारा पंप रात्रंदिवस चालावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. तोवर बंद टाकीतला प्राणवायू संपतो आणि खेकडे गुदमरतात.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यापैकी कुणी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. समुद्री जीव काचेच्या टाकीत ठेवणारे एक नियम कटाक्षाने पाळतात. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की वरून गोडं पाणी घालतात, खारं नाही. कारण वाफ होते ती पाण्याची. मीठ खालीच राहतं. वरून पुन्हा खारं घातलं की पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होतं आणि जीव मरतात. खेकड्याच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे.

आता खेकडा मरतो कशाने? खराब पाण्याखालोखाल त्याचा मोठा वैरी म्हणजे त्याचाच भाऊबंद. खेकड्याचं कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. म्हणून साप टाकतो तशी तो कात टाकतो. जुनं कवच मागून उघडतं आणि आतून मऊ अंगाचा खेकडा बाहेर येतो. नवं कवच घट्ट होईपर्यंत त्याला नांगी चालवता येत नाही. तेवढ्यात शेजारचा खेकडा त्याला फाडून खातो. म्हणून जाणते लोक एका मापाचेच खेकडे एकत्र सोडतात, आणि तळ्यात चौरस मीटरला एकापेक्षा जास्त ठेवत नाहीत. लपायला फुटकी मडकी, कौलं, पाइपाचे तुकडे, जुने टायर टाकतात. डब्यात एकेकटा ठेवण्याचं कारणही हेच. खेकड्याने खाणं सोडलं आणि तो कोपरा धरून बसला, तर कात टाकायची वेळ आली असं समजावं. त्या दिवसांत त्याला हात लावू नये, हलवू नये. टाकलेलं कवचही लगेच उचलू नये. खेकडा ते कुरतडून खातो, आणि त्यातून कॅल्शियम परत मिळवतो.

बाजारात खेकडा दाबून बघतात, तेही यासाठीच. नुकती कात टाकलेला खेकडा आतून पाणचट असतो, त्याला भाव नसतो. तोच तीन-चार आठवडे नीट खाऊ घालून ठेवला की मांसाने भरतो आणि वजन चढतं. पिल्लापासून वाढवायचं तर सहा-आठ महिने लागतात.

खाण्याचं म्हणाल तर खेकडा बहुतेक सगळं खातो: स्वस्तातली मासळी, शिंपल्यातलं मांस, कोंबडीच्या दुकानातली आतडी. मोठ्या खेकड्यांना रोज त्यांच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, लहानांना त्याहून जास्त. म्हणजे २० किलो खेकडे असतील तर रोज किलोभर खाणं. खेकडा रात्रीचा जीव आहे, म्हणून जास्त वाटा संध्याकाळी द्यावा. खाणं जाळीच्या पाटीत ठेवावं आणि सकाळी पाटी बघावी. उरलं असेल तर काढून टाकून त्या दिवशी कमी द्यावं. उरलेलं मांस सडलं की पाणी विषारी होतं. उपाशी खेकडा एकमेकांना खातो आणि जास्त घातलं तर पाणी मारतं. म्हणून रोज नजर ठेवणारी एक बाई लागतेच. तिची मजुरी हिशेबात धरायची.

आता आपला हिशेब. कुणी खेकड्याची योजना घेऊन आलं तर गटाने पाच प्रश्न विचारावेत. बी कुठून येणार आणि वाटेत मेलं तर भरपाई कोण देणार? १०० सोडले तर शेवटी किती हाती येतात? मीठ, वीज आणि खाणं यांचा महिन्याचा खर्च किती? माल कोण घेणार, आणि भाव लेखी देणार का? पाचवा प्रश्न आपल्या मावळाचा: टाकीतलं वापरलेलं खारं पाणी ओतायचं कुठे? ते खाचरात गेलं तर जमीन खारवते आणि इंद्रायणी भात करपतो. ओढ्यात गेलं तर खालच्या वाडीचं पाणी बिघडतं. दुसऱ्या प्रश्नावर १०० पैकी १०० असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. हिशेब निम्मे जगतील असं धरून मांडा, आणि तरीही हप्ता निघतो का ते बघा.

आमचं मत स्पष्ट आहे. खाडीकाठच्या गटाला हा धंदा शोभतो. मावळात गटाच्या कर्जातून समुद्री खेकडा पाळू नये. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी आधी सिंधुदुर्गात जाऊन चालू असलेलं काम डोळ्यांनी पाहावं आणि तिथल्या बायकांना नफ्याबरोबर तोटाही विचारावा.

आपल्याकडचा खेकडा मात्र सांभाळण्यासारखा आहे. पावसाळ्यात आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांना, विशेषतः ठाकर आणि कातकरी बायकांना, त्यातून चार पैसे मिळतात. पोट उलटून बघा: मादीच्या पोटाचा पाळा रुंद असतो, नराचा अरुंद, टोकदार. पाळ्याखाली अंडी किंवा पिल्लं दिसली तर ती मादी तिथेच सोडा. एक मादी सोडली म्हणजे पुढच्या वर्षीची सोय झाली. बांधावर विषारी औषध टाकू नका. ते ओढ्यात उतरतं. विकायला नेताना खेकडे पाणी भरलेल्या बादलीत कोंबू नका. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ते मरतात. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. कल्ले ओले राहिले की खेकडा पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. मेलेला खेकडा विकू नका, घरातही शिजवू नका.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. उद्या शेळीची, कोंबडीची, मशरूमची कुठलीही योजना आली, तरी नावं बदलून हेच प्रश्न उपयोगी पडतील.